दुसऱ्या शंखानंतर

आमच्या गावाला भिंती नाहीत.
सामोआत घर म्हणजे खांब, वर छप्पर,
आणि पावसाची झड आली तर खाली सोडायच्या झावळ्यांच्या चटया.
त्यामुळे इथे कुणाचीच प्रार्थना घरात मावत नाही.

पहिल्या शंखाला माणसं परततात, खाजणातून, तारोच्या मळ्यातून.
दुसऱ्याला गाव मांडी घालून बसतं.
तिसरा होईपर्यंत रस्त्यावर पाऊल नाही,
गाडी नाही, सायकल नाही.
डुकरांना मात्र हे कुणी समजावू शकलेलं नाही.

मी रस्त्यावरचा.
बावीस वर्षं, फणसाच्या झाडाशी, हात आडवा करून.
सगळं गाव देवाकडे तोंड करून बसलेलं असताना
त्याच्याकडे पाठ करून वाट अडवणारा माणूस.

डावीकडे तेलेसीआ, स्तोत्र नेहमी एक पट्टी वर धरते
आणि शेवटच्या कडव्यात घरातल्यांचा जीव जातो.
उजवीकडे म्हातारा फालानिको.
ऑकलंडच्या मटणाच्या कारखान्यात राबणाऱ्या लेकाचं नाव घेतो,
मग कारखान्याचं,
मग, थोडं थांबून, मुकादमाचंही.
पलीकडे एक पोर रोज भाकरीपर्यंत पोचतं आणि पेंगतं.

वारा फिरला की वाक्यं एकमेकांत शिरतात:
हे पित्या, नवऱ्याचा खोकला
तुझ्या इच्छेप्रमाणे
बोटीचं इंजिन
आम्हाला क्षमा कर
दोनशे डॉलर, शुक्रवारपर्यंत.
मी ऐकायचो. चोरून नव्हे; कानांना चटई नसते.

पाळकसाहेबांनी एकदा विचारलं,
"एसेकिएलू, आणि तू कधी करतोस?"
मी हसलो.
खरं म्हणजे मलाही ठाऊक नव्हतं.

मग ऑगस्टातली ती संध्याकाळ.
एक पिकअप आली, हॉर्न दाबूनच धरलेला.
मी हात आडवा केला. सवयीने.
त्याने करकचून ब्रेक मारला.
मागे चटईवर एक बाई, तिच्या मांडीवर मुलगी,
मुलीचे ओठ जांभळासारखे.
किती वेळ थांबवलं मी?
एक श्वास. दीड.
मोजायला शिकलो ते त्या दिवसापासून.

मग मी गाडीपुढे धावत सुटलो,
डुकरं हाकत, ओरडत,
सगळ्यांच्या आमेनांच्या मधून, पुलापर्यंत.
काय ओरडत होतो ते तेलेसीआ सांगते,
मला आठवत नाही.
पंचायतीने शांतताभंगाचे दोन खोके डबाबंद मासळी दंड लावला.
आईने भरला. एका शब्दाने बोलली नाही.

तीन दिवस मुलीची खबर नाही.
तीन रात्री मी खांबाला टेकून बसलो
आणि काही मागायला गेलो तर स्वतःचं वाक्यच नव्हतं.
होतं ते सगळं ऐकलेलं.
मग तेच म्हटलं.
नवऱ्याचा खोकला म्हटलं, मला नवरा नसताना.
बोटीचं इंजिन म्हटलं. मुकादमाचं नाव घेतलं.
पेंगणाऱ्या पोराच्या भाकरीपासून पुढचं,
जे त्याचं रोज राहून जातं, तेही म्हटलं.
मुलीचं नाव मला माहीत नव्हतं,
म्हणून तिच्या जागी दर वेळी तो दीड श्वास सोडला, रिकामा.

चौथ्या दिवशी, पहिल्या शंखाच्या आधी,
तीच पिकअप हळूहळू गेली.
मागची चटई गुंडाळलेली.
चालकाने स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली, बस.
त्या दोन बोटांचा अर्थ मी विचारला नाही.
अजून विचारलेला नाही.

आता गुडघा गेलाय. फणसापाशी माझा भाचा उभा असतो.
मी आत, सगळ्यांबरोबर, मांडी न घालता, पाय लांब करून.
आई म्हणते, डोळे मीट.
मिटतो.
पण आधी रस्ताच दिसतो,
आणि कान लागून राहतात
लांबून कुणी येतंय का.